‘धडा घडाघडा वाचते, मग पेपर कोरा का?’

“धडा विचारा, तोंडपाठ आहे. गोष्ट सांगते तीही हावभावांसकट. आणि पेपरात बघावं तर अर्ध्या ओळी कोऱ्या. बाई म्हणतात आळस आहे, हिचे बाबा म्हणतात मीच लाडावून ठेवलीय. मुद्दाम करते का हो ही?” चौथीतल्या मुलीची आई पहिल्याच भेटीत हे एका दमात बोलून गेली. हा प्रश्न थोड्याफार फरकाने सतत येतो. (इथली मुलगीही कुणी एक नाही. अशा बऱ्याच मुलामुलींच्या नोंदींवरून हे प्रकरण बेतलं आहे.)

मुलीला तिच्याच पुस्तकातला धडा वाचायला दिला. खरंच घडाघडा वाचला. फक्त ओळीवरून फिरणारं तिचं बोट तोंडाच्या दोन शब्द मागे होतं. मग तोच धडा साध्या कागदावर छापून दिला आणि त्यात तीन शब्द बदलले. ‘टोपली’च्या जागी ‘पिशवी’ होतं, तरी ती ‘टोपली’च म्हणाली. तिन्ही ठिकाणी तसंच. शेवटी कधीही न पाहिलेला, दुसरीच्या पातळीचा उतारा पुढे ठेवला. एका मिनिटात 13 शब्द बरोबर आले. ‘भरून’चं ‘मरून’ झालं, ‘धार’चं ‘घार’ झालं आणि जोडाक्षर आलं की ती वर आईकडे बघायची.

म्हणजे इतकी वर्षं ही मुलगी वाचत नव्हती, ऐकून पाठ करत होती. त्यासाठी किती मेहनत लागते याचा विचार केला की ‘आळस’ हा शब्द आपोआप गळून पडतो.

वाचायला शिकण्यातल्या अशा अडचणीला डिस्लेक्सिया म्हणतात. त्यात अडचण डोळ्यांत नसते. बोललेला शब्द सुट्या आवाजांत फोडणं, त्या आवाजाला नेमकं अक्षर जोडणं आणि ही जोडणी विचार न करता, झटकन होणं, या कामात मेंदूला जास्त वेळ आणि जास्त सराव लागतो. बुद्धीशी त्याचा संबंध नाही. 1896 साली प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरांनी 14 वर्षांच्या एका मुलाची नोंद प्रसिद्ध केली. मुलगा हुशार, चटपटीत, पण वाचन जवळजवळ नाहीच. शिकवणं पूर्णपणे तोंडी असतं तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता, असं त्याच्या शिक्षकाचं मत होतं. सव्वाशे वर्षांनंतरही पालक नेमकं हेच वाक्य बोलतात.

आधी नजर आणि श्रवण तपासून घेतलं. दोन्ही ठीक. मग मानसशास्त्रज्ञ आणि विशेष शिक्षिकेकडे तीन बैठकांत मूल्यमापन झालं: बुद्धिमत्ता वयाला साजेशी, वाचन-लेखन साधारण दोन इयत्ता मागे. अहवाल ऐकताना वडील बराच वेळ गप्प होते. मग मुलीच्या आईकडे बघून म्हणाले, “फॉर्म भरायचा असला की मी अजून हिच्याकडेच देतो.” आईवडिलांपैकी एकाला हा त्रास असेल तर मुलांत तो दिसण्याची शक्यता बरीच वाढते. त्या दिवसानंतर ‘लाडावलेली’ हा विषय घरात निघाला नाही.

घरी तोवर काय उपाय चालला होता? चुकलेला शब्द दहा वेळा लिहायचा. वही मागवून पाहिली. ‘कमळ’ हा शब्द दहा ओळींत लिहिलेला होता, पण पान थोडं तिरकं धरलं की कळत होतं: आधी ‘क’ दहाही ओळींत वरून खाली, मग ‘म’ची उभी रांग, मग ‘ळ’ची. शेवटच्या तीन ओळींत ‘ळ’ राहूनच गेला होता. शब्द एकदाही लिहिला गेला नव्हता. शिक्षा म्हणून लिहायला लावलेल्या जवळपास प्रत्येक वहीत हे सापडतं. असा सराव दुप्पट केला तर फक्त हात दुखतो.

देवनागरी नियमित लिपी आहे, जसं बोलतो तसं लिहितो, मग मराठीत अडचण कशी, असंही विचारलं जातं. नियमित लिपीमुळे चुका तुलनेने कमी होतात हे खरं, पण वेग मार खातो. शिवाय या लिपीच्या स्वतःच्या खोड्या आहेतच. ‘किती’ म्हणताना कानाला आधी ‘क’ ऐकू येतो, हाताला मात्र आधी वेलांटी काढावी लागते. ‘वर्ग’मध्ये ‘र’ चा उच्चार ‘ग’ च्या आधी, पण तो बसतो ‘ग’ च्या डोक्यावर. म्हणून मुलं ‘वग्र’ लिहितात, आणि ऐकण्याच्या क्रमाने पाहिलं तर त्यांचा गोंधळ समजण्यासारखा आहे. एकटा ‘र’ घ्या: प्र, ट्र, र्ग, आणि ‘दऱ्या’तला ऱ्य, चार वेगळी रूपं. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतला ‘च’ एकच लिहायचा, बोलायचा वेगळा. मुलीची कोणती चूक यांपैकी कशातून येते, हे कळल्याशिवाय सराव ठरवता येत नाही. आईला त्यासाठी पंधरा दिवस चुकांची यादी करायला सांगितली: काय लिहायचं होतं, काय लिहिलं, बस. शेरा नाही, लाल रेघ नाही. यादीत तीन गठ्ठे निघाले: सारखी दिसणारी अक्षरं, वेलांटी आणि रफार. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका यादीतून काढून टाकायला लावल्या. त्या मोठ्यांच्याही होतात आणि सध्या त्यांच्यामागे लागण्यात अर्थ नव्हता.

घरचा सराव ठरला रोज 20 मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस.

पहिली तीन मिनिटं अक्षरांची दहा कार्डं: आठ पक्की येणारी, दोन नवी. पाच मिनिटं नुसते आवाजाचे खेळ, कागद-पेन्सिल न घेता. ‘कमळ’मधला ‘क’ काढला तर काय उरलं? ‘माळ’मधल्या ‘म’ च्या जागी ‘ब’ घातला तर? पुढची पाच मिनिटं कार्डं जुळवून शब्द तयार करायचे आणि एक कार्ड बदलून नवा शब्द करायचा. मग पाच मिनिटं लेखन: चार शब्द आणि एक वाक्य, आई सांगणार, मुलगी प्रत्येक अक्षर तोंडाने म्हणत लिहिणार. उरलेल्या दोन मिनिटांत कालचं वाक्य वाचायचं. रंगलं तरी विसाव्या मिनिटाला थांबायचं.

‘ध’ आणि ‘घ’ समोरासमोर ठेवून फरक दाखवायचा मोह सगळ्यांना होतो. त्याने गोंधळ पक्का होतो. आधी फक्त ‘ध’ घेतला. त्याच्या डोक्यावरची रेघ सलग नाही, डावीकडे उघडी आहे, हे तिने बोटाने गिरवून पाहिलं. तो डोळे मिटून काढता यायला लागल्यावर दोन आठवड्यांनी ‘घ’ आला, डोकं झाकलेला. हीच खूण ‘भ’ आणि ‘म’ ला चालते: ‘भ’ उघडा, ‘म’ झाकलेला. हे तिने तिसऱ्या आठवड्यात आपणहून ओळखलं आणि वडिलांना शिकवलं.

वाचताना अडली तर मनात पाच अंक मोजायचे. मग “नीट बघ” नाही म्हणायचं. ती नीटच बघत असते. “पहिलं अक्षर कुठलं?” एवढं विचारायचं, तरी नाही आलं तर शब्द सांगून पुढे जायचं. दहा शब्दांत एकापेक्षा जास्त चुका होत असतील तर मजकूर अवघड आहे, बदलायचा. आणि या सरावाबाहेर, झोपण्यापूर्वी पंधरा मिनिटं आईने किंवा बाबांनी वाचून दाखवायचं, तिच्या वाचनाच्या नव्हे तर तिच्या समजेच्या पातळीचं पुस्तक. हे अनेक घरांत सुटतं. वाचता येत नाही म्हणून चौथीतल्या मुलीला दुसरीच्याच गोष्टी मिळत राहिल्या तर शब्दसंग्रहही मागे पडतो, आणि तो भरून काढणं जास्त जड जातं.

पाचव्या आठवड्यात गाडी घसरली. सकाळी पोटदुखी, कार्डं दिसली की रडारड. विचारल्यावर कळलं, फरक दिसतोय म्हणून 20 मिनिटांचा दीड तास झाला होता, आणि शेजारच्या मुलांसमोर एकदा ‘वाचून दाखव’ झालं होतं. शिवाय कार्डं वर्णमालेच्या क्रमाने लावलेली. क्रम पाठ असल्याने ती कार्ड न बघताच पुढचं अक्षर सांगत होती. कार्डं पिसली, घड्याळ परत लावलं. पोटदुखी आठवड्यात थांबली. याच सुमारास कुणीतरी रंगीत काचांचा चष्मा सुचवला. अशा चष्म्यांनी डिस्लेक्सियातलं वाचन सुधारतं याला भक्कम आधार नाही. तो नाद सोडायला सांगितला. माध्यम बदलण्याचंही तेच: अडचण मुलीबरोबर दुसऱ्या भाषेत जाते.

शाळेशी बोलताना बहुतेक पालक अहवाल बाईंच्या हातात देतात आणि सवलतींची यादी मागतात. बाईंच्या वर्गात पन्नास मुलं असतात, यादी फायलीत जाते. म्हणून फक्त पाच गोष्टी मागितल्या. अचानक उठवून मोठ्याने वाचायला लावू नये. वाचायचा परिच्छेद आदल्या दिवशी सांगावा. फळ्यावरचं उतरवून घेण्याऐवजी छापील टिपण किंवा फळ्याचा फोटो मिळावा. शुद्धलेखनाला दहाऐवजी चार शब्द, तेही घरी चालू असलेल्या गटातले. आणि विज्ञान, परिसर अभ्यासात शुद्धलेखनाचे मार्क कापू नयेत, कारण तिथे वनस्पती समजल्या का हे तपासायचं असतं. बाईंना यात जादा वेळ लागत नव्हता, त्यामुळे पाचही गोष्टी टिकल्या. गृहपाठाला 40 मिनिटांची मर्यादा ठरली. वेळ संपली की आईने तिथे रेघ ओढून सही करायची.

परीक्षेसाठी जादा वेळ आणि लेखनिक मिळाला, आणि पहिल्याच चाचणीत मार्क कमी झाले! कारण साधं आहे. सांगून लिहून घेणं ही वेगळी कला आहे आणि ती तिला कुणी शिकवली नव्हती. लेखनिकासमोर ती एकेक शब्द बोलत बसली, मग ओशाळून “एवढंच” म्हणाली. पुढचा महिनाभर घरी आठवड्यातून दोनदा सराव झाला: प्रश्न ऐकायचा, उत्तराचे मुद्दे बोटांवर मोजायचे, मग पूर्ण वाक्य सांगायचं, ‘पूर्णविराम’ म्हणायचं, शेवटी लेखनिकाला वाचून दाखवायला लावायचं. दुसऱ्या चाचणीत तिला उत्तरपत्रिका पुरली नाही. लेखनिक मंजूर झाला म्हणजे काम झालं असं समजू नका. तो परीक्षेच्या दिवशी पहिल्यांदा भेटला तर उपयोग शून्य.

गणितात एक गोष्ट उशिरा लक्षात आली. तोंडी हिशेब उत्तम, लेखी उत्तरं उलटी. ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी येतो, लिहिताना दोन आधी. ती 52 लिहून मोकळी. ‘एकोणचाळीस’मध्ये तर ऐकू येतो चाळीस आणि लिहायचे 39. पंधरा दिवस संख्या ‘वीस आणि पाच’ अशा वाचल्या, मग नेहमीच्या नावाकडे वळलो. पाढे पाठ करायचा हट्ट सोडून पाढ्यांचा तक्ता समोर ठेवू दिला.

मुलीला सांगायचं का, यावर आईवडिलांचं जमत नव्हतं. सांगावं, आणि नाव घेऊन सांगावं. नाही सांगितलं तर मूल स्वतःसाठी ‘ढ’ हे नाव आधीच ठरवून बसलेलं असतं. थोरामोठ्यांची नावं घेऊन ‘त्यांनाही होतं’ सांगायची फॅशन आहे. त्यातल्या बऱ्याच नावांना पुरावा नाही आणि नऊ वर्षांच्या मुलीला त्याने ओझंच वाटतं. तिला एवढंच सांगितलं: तुला गोष्ट पटकन समजते, अक्षर आणि आवाज जोडायला वेळ लागतो, त्याला डिस्लेक्सिया म्हणतात, आणि आपण करतोय तो सराव त्याचाच आहे. तिचा पहिला प्रश्न: “मग बाबांनापण?” बाबांनी हो म्हटलं.

सहा महिन्यांनी तिने कधीही न पाहिलेला, त्याच पातळीचा दुसरा उतारा मिनिटाला 34 शब्दांनी वाचला. रफार अजून चुकतो. वाचन वर्गाच्या सरासरीपर्यंत पोचेल का, तर कदाचित नाही. वेग मंदच राहील आणि जादा वेळ पुढेही लागेल. “आता कार्डं बंद करू का?” या आईच्या प्रश्नावर उत्तर होतं: 20 मिनिटं चालू ठेवा, पाच दिवसांऐवजी चार.

पाचवीच्या नव्या बाईंसाठी अर्ध्या पानाचं पत्र तयार झालं: काय चांगलं येतं, कशाने मदत होते, कशाने बिघडतं, घरी सध्या कोणता गट चालू आहे. मुलीला ते वाचून दाखवलं. तिने पेन मागून खाली स्वतःची ओळ घातली: ‘वाचायला सांगाल तर आदल्या दिवशी सांगा, मी तयारी करीन.’ ‘तयारी’तली दुसरी वेलांटी पहिली होती. ती तशीच ठेवली.