मोहाखालचा जाळ

प्रिय पोरी,

तुझ्या कादंबरीची साठ पानं वाचली. तिसऱ्या पानावर घोड्यावरून गोरा साहेब येतो आणि विसाव्यावर गाव संपतं. इतक्या लवकर, की संपलं काय तेच कळत नाही.

नायजेरियन लेखक चिनुआ अचेबेची ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ ही कादंबरी उघड आणि नुसती मोजणी कर. प्रकरणं 25. पहिली 13 गावाच्या रहाटीतच जातात, मिशनरी येतात 16व्यात. त्यांच्याकडे आधी कोण जातं? जुळी झाली म्हणून पोटची पोरं रानात टाकावी लागलेली बाई, गावात मान नसलेली माणसं, नायकाचा स्वतःचा मुलगा. पाचर बसायला भेग आधीच होती. तुझ्या गोंड गावात सगळे गुण्यागोविंदाने नांदतात, मग फुटणार कोण? चेटकाचा आळ आलेली एखादी बाई आण. ठाण्याची वाट पहिली तीच धरेल.

साल पक्कं कर. 1879 घेतलंस तर 1878चा जंगल कायदा ताजा आहे. इंग्रजांविरुद्ध उठलेल्या गोंड बाबुराव शेडमाक्यांना 21 ऑक्टोबर 1858ला चांद्यात (आजच्या चंद्रपुरात) फाशी झाली. 1879त पंचेचाळिशीत असलेला गडी तेव्हा चोविशीचा. साहेब पाहून तो तोंडाचा आ वासणार नाही. आणि गाव अहेरी जमीनदारीत ठेवलंयस, तिथलं रान जमीनदाराचं. सरकारी राखीव जंगल हवं असेल तर गाव खालशात, म्हणजे थेट सरकारी मुलखात हलव.

चौथ्या प्रकरणातलं लग्न तर होऊच शकत नाही. गोंडांची कुळं देवांच्या संख्येवरून ठरतात, सारख्या देवांत सोयरीक होत नाही. मग सहा देववाल्यांची पोरगी सहा देववाल्यांच्याच घरी? बोलणी लिहिण्याआधी दोन्हीकडचे देव मोज.

साहेबाला काढून टाक, जंगलखात्याचा नाकेदार पुरे. चैत्रातली पहाट घे. मोह टपकायच्या दिवसांत झाडाखालचा पाचोळा जाळतात. भुई काळी पडते, तिच्यावर पिवळट फुलं लांबून दिसतात, वेचायला हात भरभर चालतो. टोपली कमरेला, बाई वाकलेली. नाकेदाराच्या लेखी तो जाळ म्हणजे राखीव जंगलात लावलेली आग. त्याच फुलांची दारू घरी गाळली की आबकारीचा दुसरा गुन्हा. दंड रोख भरायचा, घरात नाणं नाही, म्हणजे सावकार आला. यावर सहा पानं खर्च कर. गोळीबाराला दोन ओळी पुरतात (तो तुला फार आवडलेला दिसतो).

तुझे गोंड आपसांत तुटकं मराठी का बोलतात? घरात ते गोंडी बोलतात, अस्खलित. ती भरदार मराठीत उतरव. अडखळू दे कारकुनाला; त्याचे ‘इसम’, ‘मजकूर’, ‘सदरहू’ त्यांच्या कानांना कसे लागतात ते ऐकव.

शेवटी सरकारी नोंद ठेवायचीच असेल तर एक ओळ बास: तारीख, मौजा, मोहाखाली आग, दंडाची रक्कम. बाईचं नाव त्यात घालू नकोस.