आंदोलनातला जुना गुन्हा आणि थायलंडचा व्हिसा

प्रश्न : मी खानापूर तालुक्यातला शेतकरी, वय ६२. मुलगा बँकॉकला नोकरीला आहे. तो म्हणतो, तुम्ही दोघं वर्षभर इकडंच येऊन राहा. त्या लांब मुदतीच्या व्हिसाला पोलिसांचा दाखला लागतो. ऊसदराच्या आंदोलनात वीसेक वर्षांपूर्वी रास्ता रोको केला तेव्हा आमच्यावर गुन्हा दाखल झाला होता. पुढं ‘सरकार केसेस मागं घेणार’ असं पेपरात आलं आणि विषय मागं पडला. आता दाखला मिळेल का? एक जण म्हणतो, फॉर्ममध्ये ते लिहूच नका. आणि एस.पी. ऑफिसचा चारित्र्य दाखला चालेल का?
– एक वाचक, विटा

उत्तर : आधी सोपं ते सांगतो. एस.पी. ऑफिसचा चारित्र्य पडताळणी दाखला इथल्या नोकरीसाठी, ठेक्यासाठी असतो. परदेशाच्या व्हिसासाठी पासपोर्ट कार्यालयाचं पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट लागतं, म्हणजे पीसीसी. अर्ज पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावर करायचा, फी ५०० रुपये. आपला सांगली जिल्हा पुण्याच्या पासपोर्ट कार्यालयाखाली येतो. २०२२ पासून पोस्टातल्या पासपोर्ट केंद्रांतही पीसीसीचे अर्ज घेतात. देश थायलंड आणि कारण लांब मुदतीचा व्हिसा असं स्पष्ट लिहा. पर्यटन व्हिसासाठी पीसीसी देत नाहीत.

आता गुन्ह्याचं. या जिल्ह्यातल्या पोलीस ठाण्यांत मी गोपनीय शाखेचं काम केलं आहे, पासपोर्टची चौकशी माझ्याच टेबलावर असायची. ऊसदरासाठी रस्त्यावर बसलेला माणूस मी कधी गुन्हेगार मानला नाही. पण चौकशी करणाऱ्याला रजिस्टर बघावंच लागतं, आणि रजिस्टरमध्ये गुन्हा दाखल झालेला दिसतो. कोर्टात पुढं काय झालं, ते तिथं चढवलेलं असेलच असं नाही. त्यामुळं तुमचा कागद तुम्हीच दाखवायचा.

पेपरातल्या बातमीनं खटला संपत नाही. सरकारनं ठरवलं तरी सरकारी वकिलानं कोर्टात अर्ज द्यावा लागतो आणि कोर्टानं संमती द्यावी लागते. तेव्हा हे फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ३२१ होतं, १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेत कलम ३६०. हा आदेश झाला की नाही, एवढं आधी शोधा. ज्या ठाण्याच्या हद्दीत रास्ता रोको झाला तिथून गुन्हा रजिस्टर नंबर आणि साल घ्या. त्यावरून कोर्टातला खटला क्रमांक मिळतो. मग नक्कल विभागात अर्ज करून निकालाची सही-शिक्क्याची नक्कल काढा. बरोबरच्या आंदोलकांपैकी कुणाकडं ती असेल तर तुमचं नाव त्यात आहे का, तेही बघा. कधी कधी आरोपी हजर नसतो म्हणून त्याच्यापुरता खटला वेगळा काढून तसाच ठेवलेला असतो.

खटला मागं घेतला असेल किंवा निर्दोष सुटला असाल, तर ती नक्कल अर्जाबरोबर द्या आणि चौकशीला येणाऱ्या हवालदारालाही द्या. खटला चालूच असेल, तर तारखांना न गेल्यामुळं वॉरंट निघालेलं असू शकतं. तेव्हा आधी वकील करून कोर्टात हजर व्हा, पीसीसी नंतर. अनेकांनी ‘मिटवून टाकू’ म्हणून गुन्हा कबूल करून दंड भरला होता. तो दंड रकमेनं लहान असला तरी कायद्यानं शिक्षाच आहे. तसं असेल तर व्हिसाचे पैसे भरण्याआधी मुंबईच्या थाई वाणिज्य दूतावासाला लेखी विचारा.

लपवायचा सल्ला मात्र अजिबात ऐकू नका. खोटी माहिती देणं पासपोर्ट कायद्याच्या कलम १२ खाली गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आंदोलनाचा गुन्हा कागद दाखवून निस्तरतो, खोटेपणाचा निस्तरत नाही.

तुमच्या वयाला जो व्हिसा लागतो तो ५० वर्षांवरच्यांचा, ‘नॉन-इमिग्रंट ओ-ए’. त्याला बँकेत ८ लाख बाट (थायलंडचं चलन) किंवा महिना ६५ हजार बाट उत्पन्न दाखवावं लागतं, शिवाय ३० लाख बाटचा आरोग्य विमा आणि डॉक्टरांचा दाखला. पीसीसी आणि डॉक्टरांचा दाखला तीन महिन्यांच्या आतले लागतात. म्हणून कोर्टाची नक्कल हातात येईपर्यंत या दोन्हींच्या मागं लागू नका. नकलेला किती वेळ जाईल ते तुमच्या हातात नसतं. वहिनींचं वयही ५० च्या वर असेल आणि त्या याच व्हिसावर जाणार असतील, तर त्यांचा पीसीसी वेगळा.

या व्हिसावर तिथं काम करता येत नाही, आणि दर ९० दिवसांनी राहत्या पत्त्याची माहिती इमिग्रेशनला द्यावी लागते. ती तारीख मुलाला लक्षात ठेवायला सांगा.