चार दिवसांत दिवेआगर ते गणपतीपुळे? त्यापेक्षा दापोली-गुहागर करा

तुमचा बेत वाचला. डिसेंबरात चार दिवस, मुंबईहून स्वतःची गाडी, सोबत सत्तरीचे आईवडील आणि चौथीतली मुलगी. आणि दिवेआगर, हरिहरेश्वर, दापोली, गुहागर, गणपतीपुळे सगळं एकाच खेपेत. होईल की, पण गाडीच्या काचेतून. कोकणात किनाऱ्याकिनाऱ्याने जाताना अंतर नव्हे, खाड्या मोजायच्या. सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री अशी एकेक नदी आडवी येते. तिथे एकतर फेरीबोटीची वाट बघा, नाहीतर आत वळसा मारून या. म्हणून माझं सरळ मत: दिवेआगर आणि गणपतीपुळे दोन्ही वगळा. दोन रात्री दापोलीच्या किनाऱ्यावर, एक रात्र गुहागरला.

जाताना महाडवरून मंडणगडमार्गे दापोली गाठा. फेरीची हौस असेल तर हरिहरेश्वराजवळच्या बागमांडल्याहून गाडी बोटीत घालून वेसवीला उतरता येतं, पण आईवडील असताना पहिल्या दिवशी तो खटाटोप नको. मुक्काम दापोली गावात करू नका. दापोली वर डोंगरावर आहे, समुद्र खाली. आंजर्ले, मुरूड किंवा कर्दे इथे घरगुती सोय बघा. जीपीएसवर मुरूड टाकताना पुढे दापोली लिहा, नाहीतर जंजिऱ्याच्या मुरूडला पोचाल. जेवणाचं सकाळीच सांगून ठेवावं लागतं. उकडीचे मोदक हवे असतील तर आदल्या रात्रीच.

बाकी आखणी करण्याआधी कालनिर्णय काढून तिथी बघा, कारण इथला दिवस भरती-ओहोटीवर चालतो. जुना हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सहाच्या सुमारास, सकाळी आणि संध्याकाळीही. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या आसपास. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरा. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. मुलीला पुळणीवर शंख-शिंपले वेचायचे असतील तर ओहोटीची वेळ धरा. आणि गाडी पुळणीवर घालू नका, कितीही लोक घालताना दिसले तरी. ओली वाळू वरून टणक दिसते, चाक रुतलं की भरती तुमच्यासाठी थांबत नाही. दर हंगामात कुणाची तरी गाडी ट्रॅक्टरने ओढून काढावी लागते आणि गावातल्या लोकांची करमणूक होते.

हर्णै बंदरावर दुपारी चारनंतर जा. मासे उतरवून लिलाव सुरू होतो, आणि तो बघायला मासे खाणारे असलंच पाहिजे असं नाही. बोलीत टोपल्याच्या टोपल्या, ढीगच्या ढीग जातात, त्यामुळे तुम्ही मध्ये पडू नका. बाजूला बसलेल्या बायकांकडून किरकोळ घ्या. सुरमईच्या तुकड्या करून घ्यायच्या तर तिथेच कोयतीवर करून देतात. कल्ले लाल आहेत का, डोळा फुगीर आहे का, हे मुलीला दाखवा, तिला मजा येईल. चपला मात्र जुन्या घाला.

समोर पाण्यात सुवर्णदुर्ग दिसेल. 2025 साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे जे बारा किल्ले आले, त्यात हाही आहे. हर्णैहून होडी मिळते. उतरता-चढताना पाय ओले होतात आणि आत झाडोरा बराच आहे. दाराशी पायरीवर कोरलेलं कासव आणि तटावरचा मारुती शोधायला सांगा मुलीला. आईवडिलांना किल्ल्यात नेऊ नका. त्यांना आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीला न्या, गाडी वरपर्यंत जाते आणि तिथून अख्खा किनारा सुवर्णदुर्गासकट दिसतो. मूर्ती उजव्या सोंडेची.

चालायचं असेल तर या पट्ट्यात माझी पहिली पसंती आसूदच्या केशवराजच्या देवळाला. दापोली-हर्णै रस्त्यावर आसूदबागेत गाडी लावायची आणि पाखाडीने, म्हणजे दगडी पायवाटेने, खाली उतरायचं. दोन्ही बाजूंना पोफळी इतक्या दाट की दुपारी बारालाही ऊन जमिनीवर तुकड्या-तुकड्यांनीच पडतं. झाडांच्या बुंध्याशी पाटाचं पाणी खेळवलेलं असतं. खाली वहाळावर छोटा पूल, आणि मग सरळ अंगावर येणारा चढ. वर देवळापाशी गोमुखातून पाणी पडतं, ते पिऊन बसा. वडिलांचे गुडघे कुरकुरत असतील तर चढ नको. त्यांना आसूदच्याच व्याघ्रेश्वराच्या देवळात बसवा. पण सकाळी लवकर जा, दहानंतर गाड्या लावायला जागा राहत नाही. लेण्यांची आवड असेल तर कोटजाई नदीकाठी पन्हाळेकाजीला 29 लेणी आहेत. नसेल तर नका जाऊ, अर्धा दिवस जातो.

कासवांबद्दल विचारलंत. पिल्लं समुद्रात सोडताना बघायची तर फेब्रुवारी-मार्च हवा, डिसेंबरात फार तर अंडी घालायला आलेल्या माद्यांच्या गोष्टी ऐकायला मिळतील. पिल्लांच्या दिवसांत वेळास गावी जत्रा भरते, आंजर्ल्यालाही पिल्लं सोडतात.

तिसऱ्या दिवशी दाभोळहून फेरीने धोपाव्याला उतरा. गाडीसकट काही मिनिटांचं काम. तेच रस्त्याने खेड-चिपळूणवरून गेलात तर शंभर किलोमीटरच्या वर पडतं. बोटीत चढण्याआधी दाभोळची आदिलशाही काळातली मशीद आणि चंडिकेचं देऊळ बघून घ्या. देवी खडकात कोरलेल्या गुहेत आहे, बाहेरच्या उन्हातून आत गेल्यावर डोळे सरावायला वेळ लागतो, तेव्हा आईचा हात धरा.

गुहागर म्हणजे एक लांबलचक रस्ता, व्याडेश्वराचं देऊळ, आणि घरांच्या आगरांमागे सुरूची झाडं नि पुळण. इथे काही "करायचं" नसतं, संध्याकाळी चालत राहायचं. हेदवीची बामणघळ मात्र भरतीच्या वेळीच गाठा: कातळातल्या अरुंद चिरेत लाट शिरते आणि पाण्याचा खांब वर उसळतो. ओहोटीला गेलात तर नुसती भेग दिसेल. कडेला उभं राहून फोटो काढायचे नाहीत, कातळ शेवाळलेला असतो.

परतताना फेरीच्या नादाला न लागता गुहागर-चिपळूणवरून महामार्ग धरा, आणि सकाळीच निघा. रोख पैसे जवळ ठेवा, पेट्रोल दापोलीत भरून घ्या. तारखा ठरल्या की तिथी कळवा, भरतीच्या वेळा धरून दिवस पुढेमागे करून देतो.