अदलाबदलीआधी गिटार कशी तपासावी?

प्रश्न : माझी यामाहा एफ३१० देऊन ओळखीतल्या एकाची पिकअपवाली (तारांचा आवाज अँपपर्यंत नेणारा भाग बसवलेली) जुनी अकूस्टिक गिटार घेतोय. काय बघू?

उत्तर : आधी सूर लावा, ढिल्या तारांवर काहीच कळत नाही. मग जाड सहावी तार पहिल्या आणि चौदाव्या फ्रेटवर (दांड्यावरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) एकदम दाबा. सातव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांत व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीएवढी फट हवी. जास्त असेल तर ट्रस रॉडचा (दांड्यातल्या, त्याचा बाक कमीजास्त करणाऱ्या सळईचा) पाव फेरा बहुधा पुरतो, घाबरू नका.

खरी भीती वेगळी. फट ठीक, तरी बाराव्या फ्रेटवर सहावी तार ३ मिमीपेक्षा उंच? मग सॅडल (तारा टेकतात ती बारीक पट्टी) बघा. ते आधीच घासून ब्रिजलगत (सॅडल ज्यात बसतं त्या, गिटारीवर चिकटवलेल्या लाकडी तुकड्यालगत) आलं असेल तर तार खाली आणायला जागाच उरत नाही. नेक (दांडा) काढून पुन्हा बसवावी लागते, आणि तो खर्च स्वस्त गिटारीच्या किमतीएवढा होतो. सौदा सोडा.

ब्रिजच्या मागच्या कडेखाली कागद सरकवून पाहा. आत शिरला तर ब्रिज सुटतोय. पावसाळ्यात लाकूड फुगून तारा वर येतात, तेव्हा शक्यतो थंडीत पुन्हा मोजा.

पिकअप अँपला (आवाज वाढवणाऱ्या पेटीला) लावून सहाही तारा एकेक वाजवा. एखादी दबकी असेल तर बहुधा सॅडल नीट बसलेलं नाही. बॅटरीच्या डब्यात हिरवट गंज दिसला तर त्याच क्षणी बोला, सौद्यात तो धरा.