पहिला रॉड घेताना

मासे धरायचा रॉड नऊ फुटी घे, 15 ते 40 ग्रॅमचं लुअर (नकली आमिष) फेकणारा. बारा फुटी दुकानात झकास वाटतो, पण लुअर फेकून फेकून मनगट भरून येतं. खाडीच्या तोंडाशी जिताड्यासाठी आठ फुटीही चालेल. दोरी गुंडाळायचं रीळ 4000 किंवा 5000 साइजचं. बेअरिंगच्या आकड्याला भुलू नकोस, ड्रॅग, म्हणजे मासा ओढू लागला की दोरी सोडणारा रिळाचा ब्रेक, झटके न देता सुटतो का ते बघ.

खरा जीव दोरीत आहे. 20 ते 30 पाउंड ताण सोसणारी ब्रेड, म्हणजे विणलेली दोरी, भर. बारीक असल्यामुळे लुअर लांब जातं. पण आपल्या खडपांना कालवं चिकटलेली असतात. ताणलेली ब्रेड त्यांच्या धारेला नुसती टेकली तरी तुटलीच म्हणून समज. तांबोशी तर गळ लागल्या लागल्या कपारीकडे धाव घेते. त्यामुळे पुढे चार-पाच फूट 40 पाउंडांचा लीडर, म्हणजे ब्रेडच्या टोकाला जोडायचा जाड दोरीचा तुकडा, हवाच हवा. दोन्ही जोडायला एफजी नावाची गाठ शीक, बारीक बसते आणि गाइडमध्ये (रॉडवरच्या कड्यांत) अडकत नाही. ड्रॅग दोरीच्या ताकदीच्या पाव हिश्श्यावर ठेव.

घरी आल्यावर रीळ गोड्या पाण्याने हलकेच धू. नळाची जोरदार धार मारलीस तर मीठ आत शिरतं.