पायक्यूटीमध्ये (पायथनमध्ये खिडक्या-बटणं बनवायची लायब्ररी) बटण एकदाच दाबलं तरी फंक्शन दोनदा का चालतं? टीकिंटरवर (पायथनसोबत येणारी तशीच लायब्ररी) जावं का?

दोनदा चालतंय म्हणजे दोनदा जोडलंय. माउसवर किंवा वापरणाऱ्याच्या हातावर संशय घेऊ नका. क्यूटीत (पायक्यूटीच्या मुळाशी असलेली लायब्ररी) 'कनेक्ट', म्हणजे बटणाचा सिग्नल फंक्शनला जोडणारी आज्ञा, जुनी जोडणी पुसत नाही, नवी भर घालतं. तोच स्लॉट (सिग्नल आला की चालणारं फंक्शन) पाचदा जोडलात तर एका क्लिकला पाचदा चालणार.

2017 मध्ये माझी पहिली नोकरी, काम औषधाच्या दुकानाच्या बिलिंगचं. 'नवं बिल' दाबलं की फॉर्म कोरा करणारं फंक्शन चालायचं आणि 'जतन करा' बटणाची कनेक्टची ओळ कोणीतरी त्यातच टाकलेली. पहिलं बिल एकदा जतन, दुसरं दोनदा, तिसरं तीनदा. संध्याकाळी गोळ्यांच्या पट्ट्या कपाटात आणि स्क्रीनवर स्टॉक वजा! दुकानदार काकांनी फोन केला, तर आमचे सर त्यांनाच म्हणाले, "तुम्ही डबल क्लिक करता." काका बिचारे दिवसभर बोट जपून दाबत राहिले.

सरांचा उपाय काय, तर क्लिकनंतर दोन सेकंद बटण बंद. त्याने काय साधणार? त्या एकाच क्लिकला जोडलेले सगळे स्लॉट एकामागून एक चालतात, मध्येच बटण बंद केलं तरी. मी स्लॉटमध्ये प्रिंट टाकून दाखवलं. उत्तर मिळालं, "फ्रेशरने डिझाइनमध्ये पडू नये." आठवड्याने ती कनेक्टची ओळ कन्स्ट्रक्टरमध्ये (खिडकी तयार होताना एकदाच चालणारं फंक्शन) गेली. काकांची माफी कोणी मागितली नाही, याचा राग मला अजून आहे.

तेव्हा कनेक्ट कन्स्ट्रक्टरमध्येच लिहा. शंका आली तर बटणाच्या 'रिसीव्हर्स'ला (सिग्नलला किती जोडण्या आहेत ते सांगणारं फंक्शन) 'क्लिक्ड' सिग्नल देऊन आकडा छापा. दरवेळी आधी डिस्कनेक्ट, मग कनेक्ट करणं मला मुळीच पटत नाही. नुसतं डिस्कनेक्ट त्या सिग्नलच्या सगळ्याच जोडण्या तोडतं आणि जोडलेलं काहीच नसेल तर एरर देतं.

हां, तुमच्याकडे आकडा वाढत नसेल, कायम दोनच असेल, तर कारण वेगळं असू शकतं. क्यूटी डिझायनरची (माउसने खिडकी आखायचं साधन) फाइल वापरताय आणि फंक्शनचं नाव 'ऑन', बटणाचं नाव, 'क्लिक्ड' असं अंडरस्कोरने जोडलेलं आहे का? मग 'सेटअप यूआय' (त्या फाइलवरून खिडकी उभी करणारं फंक्शन) ते आपोआप जोडतं. वर तुम्ही हाताने जोडलंत की झाले दोन.

टीकिंटरमध्ये बटणाला 'कमांड' एकच, नवं दिलं की जुनं जातं. पण एवढ्यासाठी पायक्यूटी सोडू नका. आणि टीममध्ये कोणी "युजरच डबल क्लिक करतो" म्हणालं, तर आधी त्याला रिसीव्हर्सचा आकडा छापायला लावा.