इंग्लंडमध्ये नॉन-लीग फुटबॉल संघाच्या बाहेरगावच्या सामन्यांना जावे का?

प्रश्नकर्ते नोकरीनिमित्त पुण्याहून लंडनजवळच्या स्लाउला राहायला आले आहेत. प्रीमियर लीगची तिकिटे मिळेनात, म्हणून ते स्लाउ टाउन या गावच्या छोट्या, नॉन-लीग क्लबचे घरचे सामने पाहू लागले आणि आता बाहेरगावीही जावे का, खर्च किती येतो आणि भारतीय माणसाला तिथे अवघडल्यासारखे होते का, असे त्यांनी विचारले आहे. मी गेले काही हंगाम याच संघामागे फिरतो आहे. माझे मत विचाराल तर एखादा घरचा सामना बुडाला तरी चालेल, पण जमेल तो बाहेरचा सामना सोडू नये.

कारण अगदी साधे आहे. आर्बर पार्कवर, म्हणजे आपल्या घरच्या मैदानावर, आपण गर्दीतले एक असतो. येतो, सामना पाहतो, घरी जातो. बाहेरगावी मात्र आपल्या संघाचे जेमतेम साठ-सत्तर लोक एका गोलच्या मागे उभे असतात, त्यामुळे नवा चेहरा लगेच लक्षात येतो, कोणीतरी येऊन चौकशी करते आणि परतीच्या वाटेवर गाडीत जागा आहे का हेही आपसूक कळते. जुन्या मंडळींना प्रवासाचे काहीच वाटत नाही, आणि त्यालाही इतिहास आहे: 2003 मध्ये वेक्सहॅम पार्क हे जुने मैदान सुटल्यापासून 2016 मध्ये आर्बर पार्क उभे राहीपर्यंत या क्लबला स्वतःच्या गावात मैदानच नव्हते, घरचे सामनेसुद्धा विंडसरला आणि बीकन्सफील्डला व्हायचे. त्या वर्षांत टिकून राहिलेला कोणी शेजारी उभा असेल तर हा विषय जरूर काढा. सामना रटाळ असला तरी वेळ उत्तम जाईल.

प्रीमियर लीगपासून लीग टूपर्यंतच्या चार पातळ्यांत मिळून 92 क्लब आहेत आणि त्यांच्या खालचे सगळे ते नॉन-लीग. स्लाउ टाउन खेळतो ती नॅशनल लीग साउथ ही सहावी पातळी असून तिच्यात 24 संघ असतात, म्हणजे हंगामात बाहेरचे 23 सामने आणि शिवाय चषकांचे. नावात दक्षिण असली तरी अंतरे किरकोळ नाहीत. एकीकडे केंटमधले डोव्हर, दुसरीकडे डेव्हनमधले टॉर्की. बहुतेक खेळाडू दिवसा दुसरी नोकरी करून संध्याकाळी सरावाला येतात, त्यामुळे खेळाच्या दर्जाबद्दल फार अपेक्षा ठेवू नका. पण कठड्याला टेकून उभे राहिले की बचावपटू एकमेकांना काय बजावतात, रेफरी त्यांना काय उत्तर देतो आणि गोलरक्षक कोणावर चिडला आहे हे सगळे स्पष्ट ऐकू येते. गावाकडच्या टेनिस बॉल स्पर्धेत दोरीला लागून उभे राहण्याचा अनुभव असेल तर त्याच्या जवळपास जाणारा हा प्रकार आहे.

खर्चाचे म्हणाल तर प्रवेश साधारण 15 पौंडांच्या आसपास पडतो आणि बहुतेक ठिकाणी दारातच पैसे भरून आत जाता येते. प्रीमियर लीगमध्ये पाहुण्या समर्थकांच्या तिकिटावर 2016 पासून 30 पौंडांची मर्यादा आहे खरी, पण ते तिकीट मिळवायला सभासदत्व आणि आधी पाहिलेल्या सामन्यांबद्दल मिळणारे गुण लागतात, आणि नवख्याची गाडी तिथेच अडते.

खरा खर्च रेल्वेचा, आणि त्यातली मेख हवामानाची. आर्बर पार्कवर कृत्रिम गवत असल्यामुळे पावसाने सामना रद्द होणे म्हणजे काय याची आपल्याला कल्पना नसते. बाहेर मात्र अनेक मैदाने नैसर्गिक गवताची आहेत, जानेवारीत ती पाण्याने भरतात किंवा गोठतात, आणि रेफरी सकाळी पाहणी करून सामना रद्द करतो. म्हणून हिवाळ्यात स्वस्त पडते म्हणून आगाऊ, परतावा नसलेले तिकीट काढू नये. शनिवारी दिवसभर ऑफ-पीक, म्हणजे गर्दीच्या वेळेबाहेरचा स्वस्त दर असतो, तिघे किंवा अधिक जण एकत्र निघाले तर ग्रुपसेव्हची एक तृतीयांश सवलत मिळते, आणि पाहणीचा निकाल कळल्यावर स्टेशनवर तिकीट काढले तरी चालते. मंगळवारी रात्री पावणेआठला सुरू होणाऱ्या दूरच्या सामन्याला रेल्वेने जाण्याच्या फंदात पडू नका. परतीची गाडी मिळत नाही. तिथे समर्थकांची बस किंवा कोणाची तरी मोटार हाच मार्ग.

पहिली लांबची सहल म्हणून मी बाथ सुचवीन. रेडिंगला गाडी बदलायची, बाथच्या मुख्य स्टेशनातून पुढे ओल्डफील्ड पार्कला उतरायचे आणि तिथून चालत बाथ सिटीचे मैदान, ट्वर्टन पार्क, गाठायचे. 1986 पासून दहा वर्षे ब्रिस्टल रोव्हर्स हा वरच्या पातळीवरचा क्लब याच मैदानावर घरचे सामने खेळत असत, त्यामुळे आजच्या गर्दीच्या मानाने ते ऐसपैस वाटते. अशा मैदानांवर दोन्ही बाजूंचे समर्थक सहसा वेगळे ठेवले जात नाहीत आणि त्यातून एक मजेशीर रिवाज निघाला आहे: मध्यंतराची शिट्टी झाली की आपला संघ ज्या गोलवर हल्ला करणार त्याच्या मागे जायला दोन्हीकडचे लोक झेंडे गुंडाळून निघतात, वाटेत समोरासमोर येतात, टोमणे मारतात, चहाच्या खिडकीपाशी एकाच रांगेत लागतात आणि उत्तरार्ध सुरू होताच पुन्हा एकमेकांविरुद्ध ओरडू लागतात. मैदान दिसेल अशा ठिकाणी मद्य पिण्यावर 1985 च्या कायद्याने घातलेली बंदी या पातळीवरच्या लीग सामन्यांना लागू नाही, त्यामुळे हातात बिअर असणारेही बरेच दिसतात.

खाण्यापिण्याबद्दल एक सूचना. कडाक्याच्या थंडीत सगळे जण बोव्हरिल नावाचे वाफाळते पेय घेतात. तो गोमांसाचा अर्क आहे, तेव्हा ज्यांना वर्ज्य असेल त्यांनी चहाच मागावा. शाकाहारी माणसाला चिप्सवर भागवावे लागते, म्हणून मी घरून पोळीभाजी नेतो.

आता अवघडलेपणाचा प्रश्न. 2021 च्या जनगणनेनुसार स्लाउची जवळपास निम्मी लोकसंख्या आशियाई वंशाची आहे, पण बाहेरगावी जाणाऱ्या आपल्या समर्थकांत ते प्रमाण दिसत नाही, आणि काही छोट्या गावांत तर गोलमागे गोरा नसलेला मी एकटाच असतो. एका ठिकाणी कठड्यापलीकडून एक घाणेरडा शेरा कानावर आला. मी काही बोलण्याआधी आमच्यातल्याच दोघांनी मैदानावरची व्यवस्था पाहणाऱ्या स्टुअर्डला बोलावले आणि त्या गृहस्थाला बाहेर काढण्यात आले. असे पुन्हा घडणार नाही अशी हमी मी देऊ शकत नाही. एरवी मात्र मला सर्वांत जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न ‘खरा संघ कोणता, आर्सेनल की लिव्हरपूल?’ हा आहे, आणि ‘स्लाउ’ एवढेच उत्तर दिले की समोरचा खूश होतो.

एफए चषकात आपला संघ सप्टेंबरमध्ये दुसऱ्या पात्रता फेरीपासून उतरतो. तो पुढे सरकत गेला आणि वरच्या 92 क्लबांपैकी एखाद्याशी गाठ पडली, तर वर सांगितलेले बरेचसे बदलते: तिकिटे आधी घ्यावी लागतात, समर्थक वेगळे बसवले जातात आणि वर्षभर न दिसलेले लोक अचानक उगवतात. ते सामनेही पाहावेत, पण ओळखी तिथे होत नाहीत. त्यासाठी नोव्हेंबरातला एखादा साधा लीग सामना निवडा आणि निघण्याआधी क्लबहाउसमध्ये बसची चौकशी करा, कारण पुरेशी नावे आली नाहीत तर बस निघतच नाही.